खाली उतरलेला दिवा

दिवे आणि वायरी एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. जेवणाच्या टेबलावर, पण पार आढ्याला टेकून, एक पितळी टोपीचा दिवा टांगला होता. सगळी खोली आपल्यामुळे उजळते, याचा त्याला कोण अभिमान!

खाली यमूकाकींना मात्र माशातले काटे दिसत नसत. मासा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तरी "मला नको," म्हणून त्या आमटीभातावरच उठत. दिव्याला ते फार लागलं.

"वायरताई, गाठ सोड. मला खाली जायचंय."

"खुळा का तू? कोपरे अंधारात जातील. मग मिरवशील कशावर?"

"जाऊ देत कोपरे."

गाठ सुटली. दिवा ताटापासून हातभर उंचीवर आला. काकींनी बांगड्याचा काटा अलगद काढला, घास तोंडात घातला आणि हसल्या.

त्यांच्या गालाला खळी पडते, हे दिव्याला इतक्या वर्षांत आज कळलं.