न ऐकणारं अर्धं अंग

ढगांच्याही वर एक राज्य होतं, तिथे पावलांचासुद्धा आवाज होत नसे. तिथल्या दरबारात कृत्रिम बुद्धिमत्तेचं एक यंत्र काजव्यासारखं लुकलुकत असे. एके सकाळी गजधरराजांचा रक्तदाब, झोप, खाणंपिणं सगळं तपासून ते म्हणालं, "महाराजांना अर्धांगवायूचा मोठा धोका आहे."

राजे लोणच्याची फोड चोखत गरजले, "मला? ठणठणीत आहे मी! या दुखण्याची एक तरी खूण आत्ता दाखवा, नाहीतर यंत्र कड्यावरून ढकलून द्या!"

यंत्र सांभाळणारी मैनाक्का पुढे आली. लेकरासारखं जपलं होतं तिनं ते. ती हळूच म्हणाली, "महाराज, अर्धांगवायू म्हणजे काय?"

"अर्धं अंग ऐकेनासं होतं. एवढंही ठाऊक नाही?"

"आणि राणीसाहेब आपल्या कोण?"

"अर्धांगिनी."

"त्या तीन वर्षं विनवताहेत, मीठ कमी करा, लोणचं सोडा. आपण ऐकलंत? मग आणखी कुठली खूण दाखवू?"

दरबाराखालून जाणारे ढगसुद्धा थबकले. राजांनी लोणच्याची बरणी शेजारी बसलेल्या राणीसाहेबांकडे सरकवली आणि यंत्राला नरमून विचारलं, "आता धोका किती?"

"त्याला काय विचारता?" राणीसाहेब म्हणाल्या. "मला विचारा."