गोदू साळीण आणि हुंकाराई

बायांनो, दाणे घ्या हातात. मूठभर जोंधळे पुरेत, अक्षता नकोत. आणि मी वाचते तसं हूं म्हणत जा. नुसत्या माना डोलवाल तर मला दिसायच्या नाहीत, माझं डोकं पोथीत.

ऐका हुंकाराई, तुमची कहाणी.

एक होतं आटपाट नगर. नगराला नदी, नदीला घाट, घाटावर साळ्यांची आळी. आळीत नागू साळी राही. त्याची बायको गोदू. घरात एक माग, एक चूल, आणि नवसासायासानं झालेली एकुलती एक लेक. लेकीचं नाव ठकू.

ठकू अंगावर पीत होती तोवर गुटगुटीत होती. वरचं खाऊ लागली आणि बिनसलं. पोट फुगावं, हातापायांच्या काड्या व्हाव्या, खाल्लेलं अंगी लागू नये. आज जुलाब, उद्या ओकारी, परवा नुसतं गुडघ्यात मान घालून बसणं. बरोबरीच्या पोरी फुगड्या घालू लागल्या, हिला उंबरा ओलांडताना धाप लागे. ताप म्हणावा तर ताप नाही, खोकला म्हणावा तर खोकला नाही. दुखणं होतं, पण त्याला नाव नव्हतं.

आईबापांनी काय करावं? आपण जोंधळ्याची भाकरी खावी, लेकीसाठी बाजारातून गहू आणावे. आपण पोटाला चिमटा घ्यावा, लेकीला तुपातली लापशी करावी. आजारी लेकराला कुणीही आई चांगलंचुंगलंच घालील, तुम्हीही घालता.

मग गोदू उठली, वैद्याच्या घरी गेली. म्हणाली, “वैद्यबुवा, माझी लेक वर्षाची होईस्तोवर चांगली होती, मग...” वैद्य म्हणाले, कळलं, कळलं, अग्नी मंद आहे. पुड्या दिल्या. वर सांगितलं, अंगात ताकद नाही, गव्हाचा चीक देत जा. गोदूच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं.

मग जोशीबुवांकडे गेली. म्हणाली, लेक वर्षाची होईस्तोवर चांगली होती, मग... जोशीबुवा म्हणाले, समजलं, शनी आडवा आलाय. तेल वाहायला सांगितलं. गोदूनं तेल वाहिलं. शनी काही बाजूला झाला नाही.

मग देवऋष्याकडे गेली. त्यानं तर तोंडच उघडू दिलं नाही. लांबूनच म्हणाला, बाहेरचं आहे. लिंबू उतरून दिलं, तिठ्यावर टाकायला लावलं. दुसऱ्या दिवशी ते लिंबू एक म्हैस खाऊन गेली. म्हशीला काही झालं नाही आणि ठकूलाही काही झालं नाही.

मग आळीतल्या बाया पुढं सरसावल्या. एक म्हणाली, गर्भारपणी ग्रहणात विळी धरली असशील. दुसरी म्हणाली, पाचवीला सटवाईची पूजा नीट केली नसशील. तिसरी म्हणाली, कुणाचा तळतळाट घेतलास, आठव बघू. गोदू आठवत बसे. भाजी चिरताना आठवी, मागासाठी सुताच्या कांड्या भरताना आठवी, पाणी भरताना आठवी. काही आठवेना. मग तिला वाटे, आठवत नाही म्हणजे पाप मोठंच असणार.

हळूहळू आळीनं पाय आखडता घेतला. चैत्र आला, हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. संक्रांत आली, तिच्याकडचं वाण घ्यायला कुणी आलं नाही. आया आपली पोरं ठकूजवळून उचलून नेऊ लागल्या. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही हो. गोदू घाटावर गेली की बाकीच्यांची धुणी तेवढी लवकर आटपत. घरी यावं तर नवरा मागावर. माणूस वाईट नव्हता, पण लेकीकडं बघवेना म्हणून माग सोडीना. दिवसभर खटखट, खटखट. गोदूला बोलायला चूल तेवढी होती.

मग जोशीबुवांनी व्रत सांगितलं. श्रावण महिनाभर धान्य वर्ज्य. आईलाही वर्ज्य, जिच्यासाठी व्रत त्या लेकीलाही वर्ज्य. गोदूनं व्रत धरलं. वऱ्याचे तांदूळ शिजवले, राजगिरा भाजला, शिंगाड्याची लापशी केली. आपण खाल्लं, लेकीला घातलं. आणि काय नवल सांगू, लेक सुधारली. पोट उतरलं, जुलाब थांबले. महिन्याअखेर ठकू उंबरा ओलांडून अंगणात गेली आणि चिमण्यांच्या मागे लागली. गोदूनं देवापुढं नाक घासलं. थाटानं पारणं केलं. चारच दिवसांत मागचं दुखणं पुढं येऊन उभं राहिलं.

आळी म्हणाली, उद्यापनात खोट राहिली. एक सवाष्ण कमी पडली.

मग गोदूनं कार्तिकात पुन्हा व्रत धरलं. पुन्हा लेक सुधारली, पुन्हा पारणं झालं, पुन्हा दुखणं आलं. आळी म्हणाली, समई विझली होती, आम्ही पाहिली.

मग माघात तिसऱ्यांदा धरलं. सवाष्णी मोजून घेतल्या, समईपाशी रात्रभर बसली. तरी तेच झालं. आता आळीला खोट सापडेना. मग एक म्हातारी म्हणाली, “सगळं नीट केलंस गं बाई. मग खोट तुझ्या मनातच असणार.”

हे तिच्या वर्मी बसलं. ती घरी आली, ठकूकडं पाहिलं, आणि म्हणाली, म्हणजे मीच हिचं दुखणं. माझाच हात वाईट, माझीच सावली वाईट. मी नसले तर पोर जगेल.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिनं लेकीची वेणी घातली. नवऱ्याला म्हणाली, पाणी घेऊन येते. घाटावर घागर ठेवली, आणि पाय नेतील तिकडं चालू लागली. तिला कुणी हाक मारली नाही.

चालता चालता रान लागलं. रानात बाभळीखाली एक म्हातारी बसली होती. पाठीत वाकलेली, एक मूठ घट्ट मिटलेली. गोदूला पाहून म्हणाली, “बाई, कहाणी येते का?”

गोदू म्हणाली, मला कसली कहाणी. म्हातारी म्हणाली, माझा नेम आहे, कहाणी ऐकल्याशिवाय तोंडात घास घ्यायचा नाही. दाणे हातात धरून बसलेय. एक गुराखी आला, मला पाहून पळाला. एक वाणी आला, त्याला बाजार गाठायचा होता. एक गोसावी आला, त्यानं मोठा उपदेश केला, कहाणी काही सांगितली नाही. उपाशी आहे गं मी.

गोदू म्हणाली, मला देवाची कहाणी येत नाही. माझ्या लेकीचं दुखणं तेवढं येतं.

म्हातारी म्हणाली, “तेच सांग.”

मग गोदू तिच्यासमोर बसली. म्हणाली, माझी लेक वर्षाची होईस्तोवर चांगली होती. आणि गप्प झाली. इथं सगळे तिला तोडत, त्यामुळं पुढचं बोलायची तिला सवयच नव्हती.

म्हातारी म्हणाली, “मग?”

मग गोदू रडली. पुष्कळ रडली. म्हातारीनं उगी म्हटलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही, मूठ धरून बसून राहिली. रडणं आवरलं तशी पुन्हा म्हणाली, “मग?”

मग गोदू सांगू लागली. वरचं खाणं सुरू झालं ते सांगितलं, लापशी सांगितली, पोट फुगलं ते सांगितलं. वैद्याचा चीक सांगितला, तो खाल्ल्यावर लेक कशी आणखी झिजली ते सांगितलं. आळीतल्या बाया सांगितल्या. हळदीकुंकवाच्या दिवशी दार लावून स्वतःच स्वतःला कुंकू लावलं, ते कुणाला सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. ऊन डोक्यावर आलं. म्हातारी हूं म्हणे, मग म्हणे, आणखी काही म्हणेना.

गोदू म्हणाली, मग श्रावणात व्रत केलं. लेक बरी झाली.

“मग?”

मग पारणं केलं.

“मग?”

मग पुरणपोळी केली, तूप वाढून लेकीला भरवली. मग पोट सुटलं.

“मग?”

मग कार्तिकात व्रत केलं. लेक बरी झाली. मग पारण्याला सांजा केला, लेकीला भरवला. मग पोट सुटलं.

“मग?”

मग माघात व्रत केलं. बरी झाली. मग पारण्याला पोळी...

आणि गोदू थांबली. म्हातारी म्हणाली, “मग?” गोदू बोटांवर पारणी मोजू लागली. म्हातारी पुन्हा म्हणाली, “मग काय झालं गं?”

गोदू म्हणाली, “आजी, व्रत चुकलं नव्हतं. माझं मनही चुकलं नव्हतं. तिला गहू सोसत नाही.”

म्हातारी म्हणाली, “असेल बाई. मला त्यातलं काय कळतंय, मी आपली ऐकत होते.” मग तिनं मूठ उघडली आणि दाणे खाऊ लागली. भूक लागली होती तिला.

ती देवी होती का? पोथीत म्हातारी आली की आपण देवीच धरून चालतो. मी म्हणते, नुसती म्हातारी असली तरी काय बिघडलं.

गोदू पाया पडली. म्हणाली, आजी, तुला काय देऊ? म्हातारी म्हणाली, तू मला कहाणी दिलीस, आता कुणाची तरी घे. हा माझा वसा. ज्या घरी लेकरू बरं नाही, त्या घरी जावं. मूठभर दाणे हातात घ्यावे, आईपाशी बसावं. उपाय सांगू नये, दोष विचारू नये, आपल्या लेकराचं पुराण काढू नये. हूं म्हणावं, मग म्हणावं. तिचं सांगून होईल तेव्हा उठावं. मधे बोलू नये, आधी उठू नये, घेतला वसा टाकू नये.

गोदू घाटावरची घागर उचलून घरी आली. बघते तर नवऱ्यानं माग सोडला आहे, चुलीपाशी बसून वेड्यावाकड्या हातानं लापशी ढवळतो आहे. गोदू गेली म्हणून रडत होता आणि लेकीसाठी लापशी करत होता. गोदूनं पातेलं खाली उतरवलं. तो म्हणाला, अगं पोर उपाशी आहे, वैद्य म्हणाले ताकद हवी. गोदू म्हणाली, “आधी माझं ऐका. शेवटपर्यंत ऐका.” लग्न झाल्यापासून पहिल्यांदा नागू साळ्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

मग घरातला गहू गेला. मग जोंधळ्याची भाकरी आली, भात आला, नाचणीचं सत्त्व आलं. ठकू बरी झाली. बायांनो, एका रात्रीत नव्हे. आंबे आले, आंबे गेले, पाऊस आला, पाऊस गेला, तेव्हा कुठं पोरीनं अंग धरलं. वैद्य म्हणाले, पुड्या लागू पडल्या. जोशीबुवा म्हणाले, शनी हलला. आळी म्हणाली, चौथं उद्यापन नीट झालं असणार. गोदू हसली. हळदीकुंकवाची बोलावणी पुन्हा येऊ लागली. ती गेली, पण ज्या घरांनी तिला बोलावणं टाळलं होतं तिथं तिला आता फारसं बसवेना.

मग एके दिवशी नदीपलीकडची तुळसा कुंभारीण आली. कडेवर मुलगा, नाव म्हादू. त्याला झटके येत, डोळे फिरत. तुळसा म्हणाली, तुझी लेक बरी झाली म्हणतात, मला उपाय सांग. गोदूच्या ओठावर आलं, गहू सोड. अगदी ओठावर आलं. तिनं जीभ चावली. दाणे घेतले, बसली, म्हणाली, सांग.

तुळसानं सांगितलं. गोदूनं ऐकलं. शेवटपर्यंत सांगून झालं, पण उत्तर काही निघालं नाही. तुळसा दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली. कधी गोदू नाव करून पलीकडं जाई. उत्तर निघालं नाही. सगळ्याच कहाण्यांतून निघत नाही. पुढल्या पावसाळ्यात म्हादू गेला.

तुळसाच्या घरी रीतीप्रमाणं माणसं आली, गेली. मग कुणी म्हादूचं नाव घेईना. समोर आली की लोक पावसाचं बोलत. एक दिवस ती गोदूच्या दारात येऊन उभी राहिली, रिकाम्या कडेवर हात ठेवून. गोदूनं तिला आत घेतलं. स्वतः खाली बसली, मूठभर दाणे घेतले.

तुळसा म्हणाली, “आता काय सांगू? संपलं सगळं.”

गोदू म्हणाली, “दुखणं सांगून झालं, तुळसा. पोरगा सांगायचा राहिलाय.”

मग तुळसा सांगू लागली. म्हादू चिखलाचे बैल करी. शिंगं करायला विसरे, कान मात्र मोठे मोठे लावी. कुणी म्हटलं ही गाढवं झाली, तर रुसून मडकी भाजायच्या आव्यामागं जाऊन बसे. सांगता सांगता तुळसा हसली, मग रडली, मग पुढं सांगू लागली. गोदू म्हणाली, मग?

जशी गोदूची ठकू उठली, तशी तुमचीआमची लेकरं उठोत. ज्या घरची उठली नाहीत, त्या घरी कुणीतरी दाणे घेऊन बसो. साठ तोंडांच्या साठ उत्तरांची ही कहाणी एका हुंकारात सुफळ संपूर्ण.