चोरलेला आवाज

मुलांनो, एका जंगलात तळ्याकाठच्या बेहड्याच्या झाडावर एक वानरी बसत असे आणि तिच्या भरवशावर खाली चितळं पाणी पीत. वाघ दिसला की ती खाकरून इशारा देई. ज्याला ऐकू येई तो मागच्यांसाठी ओरडे आणि पळत सुटे. वर कोणी पाहत नसे. तशी पद्धतच होती, आणि मोठ्यांना पद्धतीचा फार अभिमान असतो.

त्याच झाडावर एक भृंगराज पक्षी होता. कळप पळाला की गवतातले किडे उडतात, हे त्याने हेरलं. नकला त्याला येतच होत्या. त्याने वानरीचा आवाज उचलला, अगदी हुबेहूब. मग काय, रोज इशारा, रोज पळापळ. पक्ष्याचं पोट भरे, चितळं तहानलेलीच राहत.

शेवटी कळपाचा म्हातारा म्होरक्या वानरीवर भडकला. "लाज नाही वाटत खोटं ओरडायला?"

"मी तोंडसुद्धा उघडलं नाही," वानरी म्हणाली. "त्या पाखराकडे बघा तरी."

"मी माझ्या कानांनी ऐकलंय."

एक तरुण हरिणी पुढे आली. "आबा, मी पाहिलंय. आवाज आला तेव्हा हिच्या तोंडात फळ होतं. ओरडत होता तो पक्षी."

"तू मला जंगल शिकवणार? किती वेळा शिंगं गळून पुन्हा उगवली माझी, ठाऊक आहे?"

"शिंगं उगवली, आबा. मान मात्र कधी वर झाली नाही."

कोणी हसलं नाही. वानरीचं यापुढे ऐकायचं नाही, असं ठरलं.

मग एके दिवशी वाघ खरंच आला. वानरी घसा फुटेस्तोवर ओरडली. हरिणीने वर पाहिलं. या वेळी तोंड वानरीचंच उघडं होतं. हरिणीचं पाडस पाण्यापाशी आबांना खेटून उभं होतं.

"पळ," ती ओरडली.

पाडसाने आबांकडे पाहिलं. "चालू दे त्या वानरीचं," पाणी पितापिता आबा म्हणाले. ते हलले नाहीत, म्हणून पाडसही हललं नाही. वाघाने ते उचलून नेलं.

संध्याकाळी आबा सांगत होते, "त्या वानरीनेच वाघाला बोलावलं." जवळच्यांनी ते मागच्यांना सांगितलं, मागच्यांनी शेजारच्या कळपाला. हरिणी तळ्याकाठी उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

तात्पर्य : आवाज ओळखीचा आहे म्हणून तो खरा ठरत नाही, तो कोणाच्या तोंडून येतोय हे न पाहता मोठे तो पुढे पाठवतात, आणि मरतात लहान.