हात राखून

एकदा एक शालींचा व्यापारी आपले दोन्ही हात उपरण्याखाली लपवून एका वृद्ध वैद्याच्या दारी आला. पंचक्रोशीत या व्यापाऱ्याच्या बोटांची ख्याती होती. डोळे मिटून तो शालीच्या काठावरून अंगठा फिरवी आणि लोकर मेंढीच्या पाठीची की पोटाकडची, हे अचूक सांगे. आता तीच बोटं सुजून लाल झाली होती. सकाळी मूठ वळत नसे, अंगावर खाजऱ्या गांधी उठत, आणि हातात शाल आहे की गोणपाट, हेही त्याला कळेनासं झालं होतं.

"वैद्यराज, माझी शक्ती वाढवा," तो म्हणाला. "शरीर दुबळं पडलं, म्हणून हा रोग आत शिरला. ही बोटं गेली तर माझ्यापाशी दुसरं काही नाही."

वैद्यांनी त्याचे हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ पाहिले. मागे गावात तापाची मोठी साथ आली होती. तेव्हापासून हा गृहस्थ भीतीपोटी मिळेल तो काढा, मिळेल तो पाक घेत आला होता. तापाला त्यानं कधी जवळ येऊ दिलं नाही, हे खरं. पण मधल्या काळात वैद्य परगावी गेले असताना त्यांच्या तरुण शिष्यानं त्याला शक्ती वाढवणारा एक तीव्र काढा दिला होता, आणि सूज वाढली तेव्हा तोच आणखी कडक करून दिला होता. शिष्य आता खाली मान घालून खल पुसत होता. खल केव्हाच स्वच्छ झाला होता.

"झोप लागते का, शेटजी?" वैद्यांनी विचारलं.

"झोपून कसं चालेल? सावध राहायला हवं."

"बरं. उद्या तुम्ही आणि हा, दोघंही माझ्या शेतावर या. ज्वारी हुरड्यात आली आहे."

औषध मागायला आलेल्या माणसाला हुरड्याचं आमंत्रण मिळालं, तर तो जरा फुरंगटणारच. पण वैद्यांपुढे बोलण्याची प्राज्ञा नव्हती.

दुसऱ्या दिवशी धुकं अजून नदीवरून उठलं नव्हतं. चार लाकडी मेढींवर फळ्या टाकून केलेला राखणीचा माळा त्या धुक्यात अधांतरी तरंगत असल्यासारखा दिसत होता. वैद्यांनी गोफण आणि गोट्यांची झोळी शिष्याच्या हाती दिली.

"वर चढ. पिकात जे हलेल त्यावर गोफण चालव. विचार करत बसू नकोस."

शिष्य आज्ञाधारक होता, शिवाय मनातून अपराधी होता. दाणे खाणाऱ्या भोरड्यांचा थवा आला, तो त्यानं उधळून लावला. मग ज्वारीच्या ताटांवरून किडे टिपत फिरणारे इवलेसे वटवट्या पक्षी दिसले, त्यांच्यावर गोटे गेले. मग एक फुलपाखरू. मग वाऱ्यानं नुसती कणसं डोलली, तरी त्याचा हात सुटू लागला. खाली बसलेला व्यापारी खूश होता.

"असा राखणदार पाहिजे," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

उन्हं कलली तेव्हा तिघं पिकात शिरले. जागोजागी कणसं मोडून लोंबत होती, कोवळे दुधाळ दाणे मातीत चिरडले होते. पाखरांनी खाल्लं असतं त्याहून कितीतरी जास्त गोट्यांनी पाडलं होतं. शिष्याचा चेहरा उतरला.

तिसऱ्या दिवशी वैद्य स्वतः माळ्यावर चढले आणि घोंगडी पांघरून बसले. ऊन हळूहळू मऊ होत आलं. वटवट्या पक्षी आले आणि ताटाताटांतून किडे वेचत राहिले. म्हातारा त्यांच्याकडे कौतुकानं बघत होता. वारा आला, सारं शेत एका बाजूला झुकलं आणि परत सरळ झालं. मग ढगाची सावली सरकावी तशा भोरड्या उतरल्या. वैद्य उठले, गोफणीचा एक कडाडा काढला, थव्याच्या कडेनं एक गोटा सोडला, आणि थवा नदीपार गेला. नंतर त्यांनी गोफण गुंडाळून उशाशी घेतली आणि चक्क झोपून गेले.

व्यापारी कासावीस झाला. "अरे, तुझे गुरुजी झोपले. राखणदार कुठे झोपतो का? उठव त्यांना."

शिष्य माळ्यापर्यंत गेला, पण उठवायचं धाडस होईना. शेत मंद गुणगुणत होतं. व्यापाऱ्यालाही जांभई आली, आणि ती आवरताना तो स्वतःवरच चिडला.

वैद्य जागे झाले तेव्हा पीक जागच्या जागी होतं. ते खाली उतरून व्यापाऱ्याशेजारी बांधावर बसले.

"शेटजी, तुमच्या शरीरातला राखणदार दुबळा नाही. तो तगडा आहे आणि घाबरलेला आहे. साथ केव्हाच सरली, पण त्याला ते कुणी सांगितलंच नाही. आता जे हलेल त्यावर तो गोटे मारतो आहे. तुमची बोटं ही त्याचीच कणसं. आणि वरून आम्ही त्याला गोट्यांची झोळी भरून दिली."

'आम्ही' हा शब्द शिष्याच्या काळजाला भिडला.

"मग राखण करायचीच नाही का, गुरुजी?" त्यानं विचारलं.

"करायची ना. भोरड्या आल्यावर उठलो नसतो तर शेत गेलं असतं. पण आपली भाषा बघ. शेत राखतो म्हणतो, आणि हात राखून वागतो असंही म्हणतो. शब्द एकच आहे. शरीरात मारणारे असतात, तसे मारणाऱ्यांचा हात धरणारेही असतात. झोप नाही, जेवणाला वेळ नाही, मनात सतत धास्ती, अशा घरात या दुसऱ्यांचं कुणी ऐकत नाही." मग ते व्यापाऱ्याकडे वळून मिस्कील हसले. "शेटजी, दानधर्म तुम्ही हात राखून करता असं गाव म्हणतं. ती विद्या जरा शरीरालाही शिकवा."

व्यापारी किती तरी दिवसांनी हसला.

काढे बंद झाले. वैद्यांनी एक सौम्य औषध दिलं, पण उतार सावकाश पडेल आणि थोडा ताठरपणा कदाचित राहीलही, हे स्पष्ट सांगितलं. व्यापारी साधं जेवू लागला, वेळेवर निजू लागला, आणि रोज सकाळी उन्हातून चालत शेतावर येऊ लागला.

कापणीच्या आधीच्या एका दुपारी तो माळ्यावर शिष्याजवळ बसला होता. बोलता बोलता त्याचा अंगठा शिष्याच्या घोंगडीच्या काठावर गेला आणि तिथंच थांबला. त्यानं डोळे मिटले. "पोटाकडची लोकर," तो हळूच म्हणाला. शिष्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो काही बोलेपर्यंत व्यापारी आडवा झाला होता, आणि लहान मुलासारखा गाढ झोपला होता. त्याची बोटं घोंगडीवर सैल उघडी पडली होती.

एक वटवट्या आला आणि त्या बोटांशेजारी उतरला. शिष्यानं त्याला हाकलायला हात उचलला, आणि राखला.