झेंडूखालची सीडी

कॉम्प्युटरला सीडी गिळायला तोंड असायचं, त्या काळातली ही गोष्ट. मोजणी कार्यालयातल्या एका सीडीच्या पोटात गावाचा नकाशा होता, बुजलेल्या ओढ्यासकट. दर दसऱ्याला साहेब तिला हळदकुंकू लावत, झेंडू वाहत आणि पुन्हा कपाटात ठेवत.

तोंडवाला कॉम्प्युटर भंगारात निघाला, तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला. “अहो, पूजा राहू द्या, आधी नकाशा उतरवून घ्या!” पण ऐकतो कोण?

एके वर्षी गावात पाणी शिरलं. ओढा कुठून जायचा, कुणालाच आठवेना.

“माझ्यात आहे!” सीडी ओरडली.

नवा कॉम्प्युटर ओशाळून म्हणाला, “आजी, मला तोंडच नाही हो.”

पुढच्या दसऱ्याला साहेबांनी तिच्यावरचा गाळ पुसला, झेंडू वाहिला आणि अभिमानाने म्हणाले, “बघा, पुरातसुद्धा जपली आपण!”