केरबा गुरुजींनी विलायत शिकवली

वाघोशी गावच्या शाळेत केरबा नावाचे एक भोळे गुरुजी होते. सांगितलं तेवढं करायचे. अगदी तेवढंच.

एकदा मुख्याध्यापिका शिरोळकर बाईंनी त्यांच्या हातात ब्रिटनच्या इतिहास-भूगोलाचं पुस्तक दिलं. म्हणाल्या, "गुरुजी, धडा आधी वरवर वाचायचा बरं का."

गुरुजी शिडी लावून कौलांवर चढले. वरून स्कॉटलंडचे डोंगर वाचायला लागले. बेन नेव्हिसपाशी आले आणि पाय घसरून खाली आले. खाली गवताची गंजी होती म्हणून वाचले.

बाई धावत आल्या. "अहो, हे काय? धड्याच्या जरा खोलात जा की!"

"असं होय! चुकलं बाई."

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग कोरड्या विहिरीत. गुरुजी तळाशी बसून वेल्समधल्या कोळशाच्या खाणी वाचत होते.

बाईंनी विहिरीत डोकावून कपाळाला हात लावला. "वर या! वर्गात बसा, आणि महत्त्वाचं दिसेल त्याच्याखाली लाल रेघ ओढा!"

तिसऱ्या दिवशी सरपंच शाळा बघायला आले. गावात त्यांच्याहून महत्त्वाचं कोण? गुरुजी लाल शाई घेऊन त्यांच्या खुर्चीखाली शिरले. रेघ सरळ आली, पण निम्मी पांढऱ्या धोतरावर.

सरपंचांनी तालुक्याला तक्रार ठोकली. ह्या माणसाला काढा.

बाई हताश झाल्या. "गुरुजी, नोकरी जाईल तुमची! अहो, मी कागदावरचं सांगत होते. लांबलचक मजकूर असला की महत्त्वाचं तेवढं ठेवायचं, बाकीचं खोडायचं. फक्त कागदावर!"

"फक्त कागदावर," गुरुजींनी घोकलं.

तालुक्याचे साहेब आले. त्यांनी मुलांना विचारलं, "ब्रिटनमधला सगळ्यात उंच डोंगर?"

"बेन नेव्हिस! तिथूनच गुरुजी पडले."

"आणि कोळसा?"

"वेल्समध्ये, साहेब. आम्ही खाली जाऊन आलोय."

एकही उत्तर चुकलं नाही. साहेब खूश झाले. त्यांनी अहवाल लिहिला, सही केली आणि म्हणाले, "गुरुजी, तुमच्याच हातानं हा ऑफिसात देऊन या."

गुरुजींना गहिवरून आलं. एसटीची वाट बघत त्यांनी अहवाल वाचला. 'शाळेची पाहणी केली. मुलांची तयारी उत्तम आहे. तक्रारीत म्हटल्याप्रमाणे गुरुजींना ताबडतोब कामावरून काढावे, असे काहीही आढळले नाही.'

चांगलाच लांबलचक होता. गुरुजींनी पेन काढलं.

पाहणी केली, हे सगळ्या गावाला ठाऊक. खोडलं. तयारी उत्तम, ते मुलांचं झालं, आपलं कुठं? खोडलं. तक्रार तर कटकटच, तीही खोडली. शेवटी 'असे काहीही आढळले नाही'. जे आढळलंच नाही, ते महत्त्वाचं कसं असेल? खोडलं.

आता कसा आटोपशीर झाला!

ऑफिसातल्या कारकुनानं कागद मोठ्यानं वाचला. "गुरुजींना ताबडतोब कामावरून काढावे. खाली साहेबांची सही." मग चष्म्यावरून बघत विचारलं, "आणि आपण कोण?"

केरबा गुरुजी छाती काढून म्हणाले, "तेच गुरुजी!"