सुईणबाईचा छकडा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. लहानांनी मांडी घालून ऐकावी, मोठ्यांनी हातातले तांदूळ निवडता निवडता ऐकली तरी चालेल.

एका राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि गावापासून कोसभरावर मोठी पेठ होती. त्या गावात एक सुईण राहायची. दोन पिढ्या तिच्या हातांवर जन्मल्या होत्या. सारे तिला सुईणबाई म्हणत.

सटवाईवर तिची फार श्रद्धा. बाळ पाच दिवसांचे झाले की सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. सुईणबाई प्रत्येक घरी पाचवीच्या पूजेला स्वतः जायची, पाटावर कोरा कागद आणि बोरू मांडायची, हात जोडायची आणि म्हणायची, "आई, बरं लिही."

तिच्या कामाची एक रीत होती. सुनेला पाचवा महिना लागला की घरातली मोठी बाई नारळ घेऊन यायची आणि सुईणबाईला बोलून ठेवायची. पायलीभर तांदूळ आणि एक लुगडे, एवढा तिचा मान तेव्हाच ठरायचा. मग बाळ घटकाभरात येवो की दोन दिवस वाट पाहायला लावो, घर गरिबाचे असो की पाटलाचे, त्या मानात तिने कधी मूठभराचाही फरक केला नाही.

पण आता तिचे गुडघे बोलू लागले होते. डोंगरापलीकडे तीन पाडे होते आणि तिथे दुसरी सुईण नव्हती. चालत जायला तिला सबंध दिवस लागायचा. बाळे काही सुईणीच्या गुडघ्यांसाठी थांबत नाहीत. म्हणून तिने ठरवले की आपण एक छकडा घ्यायचा. दोन चाकांचा, हलका, एका माणसाने हाकता येईल असा. भाच्याची बैलजोडी होतीच.

पेठेत गाड्या विकणारा एक शेठ होता. गाड्या घडवायचा रानाकडचा सुतार. शेठ गिऱ्हाइकाकडून विसार, म्हणजे थोडी आगाऊ रक्कम, घ्यायचा, सुताराला सांगायचा आणि चार महिन्यांनी गाडी हाती द्यायचा. सुईणबाई पाडव्याच्या दिवशी त्याच्याकडे गेली. चाळीस रुपयांना सौदा ठरला. पायांतले चांदीचे तोडे मोडून तिने ते रुपये जमवले होते. त्यातले पाच विसार म्हणून दिले. पेठेची चालच अशी होती की सौदा ठरला की घेणारा आणि देणारा, दोघांनी गेरूत हात बुडवायचा आणि शेठच्या ओसरीच्या भिंतीवर शेजारी शेजारी पंजे उठवायचे. तसे पंजे उठले. शेठ म्हणाला, "नागपंचमीला या आणि छकडा घेऊन जा."

त्या शब्दावर सुईणबाईने पुढचा शब्द दिला. तिन्ही पाड्यांवरून श्रावणात बाळंत होणाऱ्या एकेका सुनेचा नारळ आला होता. तिने तिन्ही नारळ ठेवून घेतले आणि निरोप धाडला की मी येईन, वेळेत येईन.

नागपंचमीला नागोबाला दूध-लाह्या दाखवून ती पेठेत गेली. छकडा उभा होता. पिवळेधमक लाकूड, चाकांना काळ्या लोखंडी पट्टीची धाव, आत बसायला सुतळीची विणलेली बैठक. तिने जुवावर हात फिरवला आणि तिला अगदी भरून आले.

शेठ म्हणाला, "पन्नास झाले."

सुईणबाईला वाटले, आपले कान म्हातारे झाले. तिने पुन्हा विचारले. शेठने शांतपणे सांगितले की लाकूड महागले, लोखंड महागले, सुताराने हात वर केले, आपला काही इलाज नाही.

ती परत आली. घरात पाणी तापवायचा तांब्याचा मोठा हंडा होता, तो तिने कासाराकडे दहा रुपयांना गहाण ठेवला आणि आठ दिवसांनी विसाराखेरीजचे सगळे पैसे घेऊन पेठेत गेली. शेठने हातातली सुपारी कातरता कातरता सांगितले, "बाई, तुम्ही उशीर केलात. आता साठ."

तिथून ती सरळ रानाकडे, सुताराकडे गेली. सुतार रंधा मारत बसला होता. लाकूड खरेच महागले का, असे तिने विचारले, तर तो हसायलाच लागला. तो म्हणाला, "मावशी, गाडीचं लाकूड दोन उन्हाळे वाळवावं लागतं. तुमच्या छकड्याचं लाकूड तुम्ही विसार द्यायच्या कितीतरी आधी माझ्या छपरात पडलं होतं. मला शेठने ठरलं तेच दिलं. एक पै वर नाही."

दुसऱ्या दिवशी तिने हे शेठला सांगितले, आवाज न चढवता सांगितले. भिंतीवरच्या दोन पंज्यांकडे बोट केले.

शेठलाही राग आला नाही. तो म्हणाला, "विसार असतो गाडीचा, बाई. किंमत असते त्या दिवसाची. पंजा उठवला तेव्हा गाडी देईन म्हणालो होतो. ही काय, उभी आहे."

पेठेतल्या लोकांनी तिला समजावले. कुंभार म्हणाला, "मी पण आठ जास्त दिले. सुगी तोंडावर होती, काय करता? देऊन टाका नि सुटा." शेठला हेच तर नेमके कळले होते. गाडीचा दिवस येईस्तोवर माणूस जुनी गाडी विकून बसलेला असतो, कुठे लग्न ठरलेले असते, कुठे शेतात कणसे पिकलेली असतात. त्या दिवशी अडलेला माणूस मान डोलावतो.

सुईणबाई मात्र विचार करत घरी आली. देवापुढे दिवा लावला. तिच्या मनात आले, चाळीसचे पन्नास झाले, पन्नासचे साठ झाले. साठ नेले तर सत्तर होतील. शब्दाला तळच नसेल तर मी त्यात किती ओतत राहू? तिने हंड्याचे आलेले दहा रुपये वेगळ्या चिंधीत बांधले आणि सटवाईपुढे नेम धरला. छकडा मिळेपर्यंत रोज सकाळी पेठेत जाईन. ठरलेली किंमत पुढे ठेवीन, तिच्या वर एक पै देणार नाही. शेठला वाईट शब्द बोलणार नाही. आणि शब्द दिलेले एकही काम चुकवणार नाही. तोवर गूळ माझ्या तोंडात जाणार नाही.

गूळ तिचा जीव की प्राण. हे ऐकून सटवाईलाही जरा वाईटच वाटले असेल.

दुसऱ्या दिवसापासून तिचा नेम सुरू झाला. सकाळी काठी टेकत ती पेठेत यायची. विसाराचे पाच सोडून उरलेले पस्तीस रुपये शेठच्या बैठकीपुढे मांडायची आणि म्हणायची, "शेठ, माझा छकडा द्या." शेठ म्हणायचा, "साठ." ती रुपये उचलून कमरेला खोचायची, छकड्याच्या चाकावर हात फिरवायची आणि निघून जायची. नोकर तिची नक्कल करायचे. एक म्हणाला, "आजी, चाकाला रोज कुरवाळताय, एक दिवस ते तुम्हाला आई म्हणेल." ती म्हणाली, "म्हणू दे की. ठरल्यापेक्षा जास्त तर मागणार नाही ना."

पहिल्या पाड्यावर ती चालत गेली आणि वेळेत पोचली. दुसऱ्या पाड्याला निघाली तर वाटेत ओढा भरून आला. ती पोचली तेव्हा बाळ आले होते. सासूने कसेबसे निभावले होते. आई आणि बाळ सुखरूप होते, पण सुईणबाई रात्रभर पाळण्याशी बसून राहिली. तिच्या मनात एकच होते, तिसऱ्या पाड्यावरचे मूल पोटात आडवे आहे. तिथे सासूच्या हातांनी निभावणार नाही. तिथे मला वेळेत पोचलेच पाहिजे.

परत येताच, पाय सुजलेले असताना, तिने पेठेचा नेम पुन्हा धरला.

आता शेठच्या घरचे ऐका. शेठच्या सुनेचेही दिवस भरले होते. पाचव्या महिन्यात शेठाणीने नारळ देऊन सुईणबाईलाच बोलून ठेवले होते. पायलीभर तांदूळ आणि एक लुगडे. शेठाणी निश्चिंत होती. शेठला मात्र झोप लागेना. तो बायकोला म्हणाला, "ती येणार नाही. आली तरी उंबऱ्यात उभी राहील आणि शंभर मागेल. छकडा तर मागेलच."

शेठाणी म्हणाली, "अहो, ती तशी नाही."

"अडलेल्या माणसाला कोण सोडतं?" शेठ म्हणाला. बिचाऱ्याला दुसरे काही सुचतच नव्हते. माणूस दुसऱ्याच्या मनात डोकावतो तेव्हा त्याला बहुतेक आपलेच मन दिसते.

म्हणून त्याने आधीच राजधानीतल्या राजवाड्याच्या सुईणीशी बोलणी केली. पाच मोहरा ठरल्या. सुनेला कळा सुरू झाल्या त्या पहाटे त्याने मुलाला त्या सुईणीला आणायला पाठवले आणि लवकर पोचावा म्हणून सगळ्यांत हलकी गाडी जुंपून दिली. ती म्हणजे सुईणबाईचाच छकडा.

सकाळ झाली. राजधानी लांब, मुलाचा पत्ता नाही आणि आत सून कण्हत होती. शेठ ओसरीवर येरझाऱ्या घालत होता. इतक्यात काठीचा आवाज आला. रोजच्या वेळेला, रोजच्यासारखी सुईणबाई आली होती. छकड्याची जागा रिकामी पाहून ती क्षणभर थबकली. मग तिला आतला आवाज ऐकू आला. तिने काठी भिंतीला टेकवली, त्या दोन पंज्यांच्या खालीच, आणि पदर खोचला.

शेठ दारात आडवा उभा होता. तो म्हणाला, "किती?"

"पायलीभर तांदूळ आणि एक लुगडं," सुईणबाई म्हणाली. "शेठाणीबाईंशी ठरलंय."

"ते तेव्हाचं. आज किती?"

"आज तेवढंच. दारातून सरा शेठ, आणि पाणी तापवायला सांगा. हंडा मोठा घ्या."

बाळंतपण सोपे नव्हते. सूर्य माथ्यावर आला, कलला, तरी दार उघडले नाही. दाराबाहेर शेठला तिचा सावकाश, न थकणारा आवाज ऐकू येत होता, "हं, पोरी, अजून थोडं. मी आहे." शेवटी एक कोवळे रडणे ऐकू आले. मुलगा झाला होता.

त्याच वेळी छकडा दारात आला. छकड्यात शेठचा मुलगा एकटाच होता. त्याने घाम पुसत सांगितले की राजवाड्याची सुईण निघाली खरी, पण नदीच्या उतारावर येताच छकडा थांबवायला सांगून म्हणाली, आता दहा मोहरा. का म्हणून विचारले, तर म्हणाली की ठरलं ते घरातलं, भाव असतो त्या वेळचा. त्याच्याजवळ पाचच होत्या. ती उतरून परत गेली.

हे ऐकून शेठ ओसरीवर मटकन बसला. त्याचेच शब्द इतका लांबचा प्रवास करून त्याच्याच घरी आले होते.

शेठाणीने सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. सुईणबाईने हात मागे घेतला. शेठने कारण विचारले. शेठाणी खाली मान घालून म्हणाली, "तुम्हाला ठाऊक नाही? छकडा मिळेपर्यंत त्यांनी गूळ सोडलाय."

शेठ उठला. त्याने बैलांचा कासरा सुईणबाईपुढे धरला आणि म्हणाला, "न्या. बैलही न्या. मला काही नको."

तिने कमरेचे पस्तीस रुपये सोडून बैठकीवर ठेवले. "फुकट कसा नेऊ? ठरलं तेवढं घ्या. जास्त नाही, तसं कमीही नाही. बैल घरापर्यंत नेते, उद्या माणूस धाडून परत न्या. माझ्या भाच्याची जोडी आहे." मग ती छकड्यात बसली आणि जरा थांबून म्हणाली, "कुंभाराचे आठ तेवढे आठवणीत ठेवा."

दुसऱ्या दिवशी भाच्याची जोडी जुंपून ती तिसऱ्या पाड्यावर गेली. जिथे सबंध दिवस लागायचा तिथे दुपारच्या आत पोचली. त्याच संध्याकाळी त्या सुनेच्या पोटात दुखू लागले. आडवे मूल सुईणबाईच्या जुन्या हातांनी हळूहळू वळवले आणि सरळ बाहेर आणले. मुलगी होती, चांगली मोठ्या आवाजाची. त्या घरी आणलेला गूळ तिने खाल्ला. एक खडा नाही, चांगले दोन.

आणि छकडा होता म्हणूनच पाचव्या दिवशी ती शेठच्या घरीही पूजेला पोचू शकली. तिने पाटावर कोरा कागद ठेवला, बोरू ठेवला, हात जोडले. शेठ मागे उभा होता. त्याने हळूच विचारले, "बाई, काय लिहील हो सटवाई?"

"ते मला काय ठाऊक," सुईणबाई म्हणाली. "एवढं माहीत आहे की ती एकदाच लिहिते. शाई महागली म्हणून खोडायला परत येत नाही."

दुसऱ्या दिवशी शेठ आधी कुंभाराकडे गेला, मग ज्यांच्या ज्यांच्याकडून वर घेतले होते त्या साऱ्यांच्या दारी गेला. कुणी दोन शब्द सुनावले, ते त्याने ऐकून घेतले. त्यानंतर त्या पेठेत गेरूच्या दोन पंज्यांमध्ये, गिऱ्हाइकासमोर, ठरलेली किंमतही गेरूने लिहू लागले. भिंत दरवर्षी सारवायचे, पण जोवर गाडी घरी जात नाही तोवर त्या आकड्यावर कुणी पोतेरे फिरवत नसे.

सुईणबाईने कासाराकडून आपला हंडा सोडवून आणला आणि पुढे कितीतरी वर्षे तिचा छकडा डोंगरापलीकडे वेळेत पोचत राहिला. जशी ती तिन्ही पाड्यांना पावली, तशी शब्द पाळणारी माणसे तुम्हा-आम्हाला भेटोत, आणि आपणही तसेच होऊ या.

तात्पर्य: समोरचा अडला आहे हे पाहून जो दिलेला शब्द बदलतो तो विश्वास गमावतो, आणि अडचणीतही जो दिलेला शब्द पाळतो त्याच्या मागे देव उभा राहतो.